शब्द आणि सूर : एका जुन्या तोलाची कथा

हल्ली घरोघरी एक लहानसा पण नित्याचा कलह चाललेला असतो. संध्याकाळी मंडळी चित्रपट पाहावयास बसतात. पात्रे हलक्या आवाजात बोलू लागली की घरातले वडीलधारे म्हणतात, "जरा आवाज वाढवा, काही कळत नाही." कोणी तो वाढवितो न वाढवितो तोच पार्श्वसंगीताचा लोंढा येतो, ढोल वाजू लागतात, शेजारच्या खोलीत अभ्यास करणारे मूल दार लोटून घेते, आणि मग "अरे, कमी करा!" असा दुसरा हुकूम सुटतो. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात हा खेळ पंधरा-वीस वेळा होतो. ज्याच्या हाती रिमोट असतो त्याला चित्रपट असा दिसतच नाही.

हा दोष नव्या यंत्राचा आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु थोडा मागोवा घेतला तर असे दिसते की शब्द वरचढ असावा की सूर, हा कलह होम थिएटरच्या पेटीतून निघालेला नाही. मराठी माणसाच्या घरात तो पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. यंत्रे बदलली, प्रश्न तोच राहिला. त्या प्रश्नाला निरनिराळ्या पिढ्यांनी जी उत्तरे दिली, त्यांची ही कथा आहे.

सांगली येथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हा खेळ केला. हा दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या खेळाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. कथानक पद्यात असे, आणि ते पद्य गाण्याचे काम सूत्रधाराचे व त्याच्या मागे झांजा-मृदंग घेऊन उभ्या राहिलेल्या साथीदारांचे असे. सूत्रधाराचे पद संपले की पात्रांनी आपल्या बुद्धीप्रमाणे त्याच प्रसंगाचे भाषण करावयाचे. म्हणजे सूर एकाच्या मुखी आणि गद्य दुसऱ्याच्या मुखी. एक थांबल्यावाचून दुसऱ्याने तोंड उघडावयाचे नाही. शब्द आणि सूर यांच्यातील भांडण मिटविण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय. दोघांना दोन खोल्या दिल्या म्हणजे भांडणच उरत नाही.

परंतु कलेला अशी वाटणी फार दिवस मानवत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, आणि सूत्रधाराची ती मध्यस्थी संपली. आता दुष्यंत स्वतःच बोलू लागला आणि स्वतःच गाऊ लागला. पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती, हे ऐकून आजच्या प्रेक्षकास धडकी भरेल. परंतु अण्णासाहेबांची पदे आकाराने लहान असत. साकी, दिंडी, कामदा अशा घरोघर कानांवर असलेल्या चाली त्यांनी घेतल्या. त्या चालींत शब्द ताणला जात नाही. बोलता बोलता माणसाचा आवाज थोडा उंच व्हावा आणि पुन्हा खाली यावा, इतकेच होते. पदाने कथा पुढे सरकत असे. म्हणून दोनशे पदे असूनही शाकुंतल हे प्रथम नाटक राहिले आणि मग गाणे झाले.

पुढे हा तोल कसा कलला, याचे उत्तम उदाहरण एकाच नाटककारात सापडते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. ते गद्य नाटक. त्यातील प्रत्येक शब्द प्रेक्षकांस इतका स्वच्छ ऐकू गेला, आणि त्या शब्दांमागील अर्थ इतका नेमका कळला, की तो सरकारच्याही कानी गेला व १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' १९११ साली आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. १९१६ साली 'संगीत स्वयंवर' आले, त्याला भास्करबुवा बखले यांचे संगीत लाभले. आता पदाला रागाचा विस्तार मिळाला, ताना-आलाप आले, आणि प्रेक्षक कथेची वाट पाहावयाचे सोडून गाण्याची वाट पाहू लागला. 'वन्स मोअर'च्या गजरात रुक्मिणीचे पत्र द्वारकेला केव्हा पोहोचले याची कोणास फारशी चिंता उरली नाही.

यात रसिकांचा दोष होता असे मी म्हणणार नाही. बालगंधर्वांचा स्वर ज्यांनी समोर बसून ऐकला त्यांना कथा थांबल्याचे दुःख होणे शक्यच नव्हते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी नाट्यगृहात मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या बाकावरील प्रेक्षकापर्यंत शब्द पोहोचवावयाचा तो केवळ छातीच्या बळावर. अशा वेळी साथ कशी असावी? गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे गुणीजन होते, शिवाय ऑर्गनचे भरदार सूर होते. एवढा समर्थ ताफा गायकाचा शब्द सहज बुडवू शकला असता. तो बुडला नाही, कारण साथीदाराचा कान गायकाच्या ओठांवर असे. पदाचे अक्षर उच्चारले जात असता तबला दबून चालावयाचा आणि अक्षरांमधील रिकाम्या जागेत मोकळा व्हावयाचा, हा साथीचा अलिखित कायदा होता. आज यंत्राच्या बटणाने जे साधावयाचा आपण प्रयत्न करतो, ते त्या काळी बोटांच्या दाबाने साधले जाई.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 'संयुक्त मानापमान' झाले. एका बाजूस बालगंधर्वांचा मृदू, वळणदार स्वर, आणि दुसऱ्या बाजूस ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांचा उंच, धारदार आवाज. दोन अगदी भिन्न जातींचे कंठ एकाच रंगमंचावर, एकाच साथीवर, विजेच्या कोणत्याही साहाय्यावाचून उभे राहिले. तो केवळ सुरांचा सामना नव्हता. एका साथीने दोन निरनिराळ्या आवाजांना सारखाच न्याय द्यावयाची ती कसोटी होती.

आता येथे क्षणभर थांबून शब्द ऐकू येतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. एरवी पुढील कथा नीट उलगडणार नाही. आपण बोलतो त्यातील स्वर, म्हणजे अ, आ, ओ यांसारखे ध्वनी, हे भरदार असतात आणि त्यांचा बहुतेक जोर खालच्या कंपनसंख्यांत, सेकंदाला सुमारे एक हजार कंपनांच्या आत, असतो. व्यंजनांची गोष्ट निराळी. स, श, त, क, फ यांची ओळख बव्हंशी दोन हजार ते चार हजार कंपने व त्याही वरच्या टापूत असते आणि त्यांचा जोर अगदी थोडा असतो. गंमत अशी की आवाजाचे बळ स्वरांत आहे, पण अर्थ मुख्यतः व्यंजनांत आहे. 'काम', 'दाम', 'नाम', 'साम' या चारही शब्दांत 'आ' सारखाच आहे. त्यांना वेगळे करतो तो आरंभीचा तो एक क्षीण फुंकरीएवढा ध्वनी. तोच बुडाला तर आवाज ऐकू येईल, पण शब्द कळणार नाही.

वय वाढू लागले की कान प्रथम गमावतो ते उंच कंपनांचे ध्वनी. म्हणून घरातील आजोबा म्हणतात, "आवाज येतो रे, पण काय बोलतात ते समजत नाही." हे वाक्य आपण हसण्यावारी नेतो, पण शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी काटेकोर आहे. त्यांना स्वर ऐकू येतात, व्यंजने येत नाहीत. त्यावर आपण सगळाच आवाज वाढवितो, तेव्हा मृदंग आणि ढोलही वाढतात; आणि खालच्या पट्टीतील मोठा ध्वनी वरच्या पट्टीतील बारीक ध्वनीला सहज झाकून टाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. उलटे फारसे होत नाही. एवंच, आजोबांसाठी वाढविलेला आवाज आजोबांच्या उपयोगी पडतोच असे नाही.

या कथेत १९३३ हे साल मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी कानाच्या संवेदनेचे आलेख प्रसिद्ध केले. आवाज हळू झाला की कानाला खालचे सूर इतर सुरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी २७ एप्रिलला फिलाडेल्फिया येथे वाजत असलेला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविण्यात आला. त्यासाठी तीन स्वतंत्र मायक्रोफोन, तीन तारमार्ग आणि तीन कर्णे योजले होते : डावा, उजवा आणि मधला. मधला कशाला? तर दोनच कर्णे असले म्हणजे बाजूला बसलेल्या श्रोत्यास सर्व काही त्याच्या जवळच्या कर्ण्यातून आल्यासारखे वाटते. मधोमध उभ्या असलेल्या गायकाचा आवाज मधूनच यावा, यासाठी मधला कर्णा हवा. आजच्या होम थिएटरमध्ये पडद्याखाली जो मधला स्पीकर असतो, त्याचे कुळ शोधत गेलो तर आपण या प्रयोगापाशी पोहोचतो.

आणि त्याच १९३३ साली, १ जुलै रोजी, मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. नॉर्वेजियन लेखक ब्यर्नसन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते. त्याचे संगीत केशवराव भोळे यांचे. पदांची गर्दी त्यात नव्हती. मोजकी भावगीते होती, ती प्रसंगाला धरून होती, आणि ज्योत्स्ना भोळे यांनी ती गायिली. ताना-आलापांनी मागे रेटलेला शब्द येथे पुन्हा पुढे आला. वॉशिंग्टनमध्ये शास्त्रज्ञ तारांनी जे करू पाहत होते, त्याच प्रश्नाशी मुंबईत एक संगीतकार निवडीच्या मार्गाने झगडत होता. दोघांना एकमेकांची वार्ताही नसेल.

हे केशवराव भोळे पुढे प्रभात फिल्म कंपनीत गेले आणि कथा बोलपटाच्या दारात आली. बोलपटाचा आरंभ मोठ्या अडचणीचा होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट. त्याचे बरेचसे चित्रण रात्री करावे लागले, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या धावत आणि दिवसा त्यांचा खडखडाट संवादांत मिसळे. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते आणि संगीतही त्यांचेच होते. तारामती झाल्या दुर्गा खोटे. त्या काळच्या बोलपटांत गाणे आणि चित्र एकाच वेळी मुद्रित होई. वादक मंडळी झाडाआड, भिंतीआड, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसत; मायक्रोफोन पात्राच्या डोक्यावर कोठेतरी लपविलेला असे. तबलजी जवळ आला तर शब्द गेला, दूर गेला तर ताल गेला. तोल साधावयाचा तो पावले मोजून.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत आणली आणि हे सर्व पालटले. आता गाणे निवांत जागी आधीच मुद्रित होऊ लागले. गाणे वेगळे, संवाद वेगळे, पार्श्वसंगीत वेगळे. हे सारे एकत्र मिसळण्याचे काम शेवटी एका मेजाशी बसलेल्या माणसाकडे गेले. जो तोल पूर्वी थिरकवांच्या बोटांत होता, तो आता त्या माणसाच्या हातातील कळीवर आला. सोय फार मोठी झाली. परंतु पूर्वी साथीदार गायकाच्या ओठांकडे पाहत असे. नव्या व्यवस्थेत वादक आणि नट यांची गाठ पडण्याचे कारणच उरले नाही.

या सोयीचा मोह पहिल्यापासूनच प्रबळ होता. रिकामी जागा दिसली की तेथे व्हायोलिने भरावीत, नायिकेने उसासा टाकला की सतार छेडावी, ही रीत रुजू लागली होती. अशा वेळी १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला होता. वृद्ध विधुराशी कपटाने लग्न लावून दिलेली नीरा, तिचे काम शांता आपटे यांनी केले. काकासाहेब झाले केशवराव दाते. संगीत पुन्हा केशवराव भोळे यांचेच. आणि या चित्रपटात शांतारामांनी व भोळ्यांनी एक धाडस केले : गाणी ठेविली, पण संवादांमागील पार्श्वसंगीत काढून टाकले. भावनेला टेकू म्हणून वाद्य वाजावयाचे नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज खरोखर असतात तेवढेच ऐकू यावयाचे.

याचा परिणाम काय झाला? नीरा जे बोलते ते प्रेक्षकाला टाळता येईना. संगीत मागे असले म्हणजे ते प्रेक्षकास सांगते, येथे रडा, येथे चिडा. आणि प्रेक्षक त्या सांगण्यावर विसंबून शब्दांपासून सुटका करून घेतो. 'कुंकू'मध्ये ती पळवाट नव्हती. जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध बोलणाऱ्या एका मुलीचा आवाज आणि प्रेक्षकाचे कान यांच्या मध्ये काहीही ठेवावयाचे नाही, असा तो निर्णय होता. ध्वनीचा तोल ही केवळ कारागिरीची बाब नसून कोणाचे म्हणणे ऐकले जावे याचा तो निवाडा असतो, हे मराठी चित्रपटाने इतक्या लवकर दाखवून दिले, याचा आपणांस रास्त अभिमान वाटावयास हवा.

रेडिओवर तर शब्दाशिवाय आधारच नाही. तेथे चेहरा नाही, ओठांची हालचाल नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांच्या चाली वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे श्रोत्यांसमोर आल्या. त्यांत राग आहेत, भाव आहे. पण एकाही ठिकाणी सुराने अक्षर गिळलेले नाही. फडक्यांची शब्द उच्चारण्याची शिस्त सर्वश्रुत आहे. वाद्यमेळ थोडका, आणि तोही ओळ संपल्यावर बोलणारा. भाव्यांच्या सूत्रधारापासून निघालेली परंपरा येथे एका सुंदर मुक्कामी पोहोचली असे मला वाटते : कथा गाण्यातूनच सांगावयाची, पण ऐकणाऱ्याचा एकही शब्द हरवू द्यावयाचा नाही.

यानंतर चित्रगृहे मोठी झाली, ध्वनीचे मार्ग वाढले. १९७५ सालचा 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर अनेक मार्गांच्या ध्वनीसह दिसला, तेव्हा फेकलेले नाणे सभागृहाच्या कोणत्या बाजूला पडले ते कळते, म्हणून लोक चकित झाले. १९९२ पासून चित्रगृहांत अंकीय ध्वनी आला : समोर तीन मार्ग, बाजूंना दोन, आणि केवळ खोल गडगडाटासाठी एक. बोलणे बहुधा मधल्या मार्गात ठेवावयाचे, संगीत डाव्या-उजव्या मार्गांत पसरावयाचे. म्हणजे पाहा, शब्दाला आणि सुराला दोन खोल्या देण्याची विष्णुदास भाव्यांची युक्ती नव्या वेषात परत आली!

मग घरी आल्यावर भांडण का होते? त्याला तीन कारणे आहेत. पहिले असे की चित्रपट चित्रगृहासाठी मिसळलेला असतो. तेथील आवाजाची पातळी ठरलेली असते, सभागृह शांत असते, आणि कुजबूज व स्फोट यांतील मोठे अंतर तेथे शोभून दिसते. घरी आपण त्याहून पुष्कळ हळू ऐकतो; शिवाय पंखा फिरत असतो, स्वयंपाकघरात कुकरची शिटी होत असते. कुजबूज त्या पंख्याच्या आवाजाखाली जाते आणि स्फोट मात्र वरच राहतो.

दुसरे कारण असे की पुष्कळ घरांत मधला स्पीकरच नसतो. सहा मार्गांचा ध्वनी दोन स्पीकरांत कोंबला जातो, तेव्हा मधल्या मार्गातील बोलणे तीन डेसिबेलने उतरवून डाव्या-उजव्यांत वाटले जाते. दोन खोल्यांत राहणारे शब्द आणि सूर पुन्हा एका खोलीत येतात. आवाज दोन निरनिराळ्या दिशांनी आले तर कान त्यांना निवडून घेऊ शकतो. एकाच दिशेने आले तर निवड अवघड होते. त्यात हल्लीच्या दूरचित्रवाणी संचांची अंगकाठी इतकी बारीक झाली आहे की त्यांचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. व्यंजने भिंतीवर आपटून आपल्याकडे येतात.

तिसरे कारण आपल्या खोल्यांचे. उघड्या फरशा, गुळगुळीत भिंती आणि काचेच्या खिडक्या यांत आवाज घोळत राहतो, आणि मागील अक्षराचा स्वर पुढील अक्षराच्या व्यंजनावर पसरतो. मी राहतो त्या जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांस खेटून आहेत. तेथे आणखी एक अडचण येते : खोल सूर भिंतीला जुमानत नाहीत. आपल्या घरातील संवाद शेजाऱ्याला कळत नाहीत, पण ढोल मात्र सगळा ऐकू जातो. शेजाऱ्याच्या वाट्याला चित्रपटाचा उपद्रव तेवढा येतो, कथा येत नाही.

जगाने या प्रश्नाची दखल घेतली आहे. कानाला वाटणारा मोठेपणा मोजण्याची एक रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरविली; युरोपातील प्रसारकांनी २०१० साली त्या आधारे आपले नियम केले; अमेरिकेने त्याच वर्षी जाहिरातींचा आवाज कार्यक्रमापेक्षा चढा असू नये असा कायदा केला. घरोघर इंटरनेटवरून चित्रपट पुरविणारी नेटफ्लिक्ससारखी कंपनी तर आवाजाची सरासरी मोजताना संवादांचीच पातळी प्रमाण मानते. म्हणजे मोजपट्टीचे शून्य शब्दापाशी लावावयाचे, आणि बाकीचे सारे त्याच्या वरखाली धरावयाचे. तत्त्व जुन्या साथीदाराचेच आहे : आधी गायकाचे अक्षर, मग आपला हात.

आपल्या हाती काय आहे? मधला स्पीकर असेल तर तो कपाटात कोंडू नये. पडद्याजवळ, कानाच्या पातळीला, तोंड आपल्याकडे करून ठेवावा. यंत्राच्या व्यवस्थेत जाऊन फक्त त्याचीच पातळी दोन-तीन डेसिबेल वाढवावी. सगळा आवाज वाढविण्यापेक्षा हे कितीतरी गुणकारी. मधला स्पीकर नसेल तर यंत्राला तसे सांगून ठेवावे, म्हणजे ते बोलणे नीट वाटून देते. खोल सुरांचा वेगळा डबा असतो तो उतरवावा. रात्रीसाठी म्हणून एक सोय बहुतेक यंत्रांत असते, ती कुजबूज थोडी वर आणि स्फोट थोडा खाली आणते. ती लाजू नये, वापरावी. खाली सतरंजी अंथरावी, खिडक्यांना जाड पडदे लावावेत. आणि घरात वडीलधारे असतील तर त्यांची खुर्ची पडद्याजवळ घ्यावी, कारण अंतर कमी करण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

हे सर्व इतक्या आस्थेने सांगण्याचे कारण यंत्रांचे कौतुक हे नव्हे. आम्हा जबलपूरकर मराठी माणसांस या प्रश्नाची निराळी धग लागते. भोसल्यांच्या अमलात मराठी कुटुंबे या नर्मदाकाठच्या प्रदेशात आली. १८१७ च्या डिसेंबरात येथे इंग्रजांचा अंमल बसला तरी ती येथेच राहिली. मध्यप्रांत-वऱ्हाड होता तोवर राजधानी नागपुरास होती आणि मराठीला दप्तरात जागा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेररचना झाली, नागपूर आणि वऱ्हाड तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. तक्रारीचे कारण नाही. हिंदीने आम्हांस परके मानले नाही, आणि मीही माझी सारी टिपणे हिंदीतच लिहितो. परंतु याचा एक अर्थ असा की आमच्या मुलांना मराठी शाळेच्या फळ्यावर, दुकानाच्या पाटीवर, कचेरीच्या अर्जात भेटत नाही. ती भेटते कानाने : आजीच्या बोलण्यात, आणि घरी लागलेल्या मराठी नाटक-चित्रपटांत.

अशा घरात संवाद संगीताखाली बुडाला तर केवळ कथेचा धागा सुटत नाही. मुलाला 'ळ' आणि 'ल' यांतील फरक कळण्याची, 'चमचा' आणि 'चहा' यांतील दोन निराळे 'च' ओळखण्याची एक संधी जाते. सूर तर त्याला सर्वत्र मिळतात. सुरांना भाषेची सीमा नाही. शब्द मात्र त्याच्या घराबाहेर कोठे मिळत नाही. आणि त्याच वेळी, त्याच खोलीत, ज्या आजीकडून तो शब्द त्याने घ्यावयाचा तिलाही तो ऐकू येईनासा झालेला असतो. एकाच्या कानात भाषा यावयाची आहे, दुसरीच्या कानातून ती हळूहळू निघून चालली आहे, आणि दोघांच्या मध्ये ढोल वाजतो आहे.

भाव्यांनी दोन खोल्या केल्या, किर्लोस्करांनी पद लहान ठेविले, थिरकवांनी हात दाबला, भोळ्यांनी वाद्ये मागे घेतली, फडक्यांनी अक्षर सांभाळले. प्रत्येकाच्या हाती त्या त्या काळचे साधन होते, आणि प्रत्येकाने ते ऐकणाऱ्याकडे पाहून वापरले. आपल्या हाती आता सहा मार्ग आहेत आणि पुष्कळ बटणे आहेत. त्यांतले कोणते केव्हा दाबावयाचे, हे त्या खोलीत कोण कोण बसले आहे ते पाहून ठरवावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे.